दोन वरचे, एक खालचा

आमच्या लॅबमध्ये एक ड्रॉवर आहे. काहीही दुरुस्त केलं, की त्यात एक-दोन स्क्रू जातात. गॅल्व्हानोमीटर उघडला, साफ केला, परत लावला, चालूही झाला, तरी एक स्क्रू उरतोच. तो कुठला हे कुणाला आठवत नाही आणि टाकवतही नाही. आता तो ड्रॉवर उघडायला जोर लावावा लागतो. किस्से असेच उरतात. दिवसाचं काम झालेलं असतं, शेवटची घंटा वाजलेली असते, सगळं नीट चालू असतं, आणि आपल्या हातात एक जास्तीचा स्क्रू.

माझ्याकडचे बहुतेक स्क्रू पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाचे आहेत, आणि ते सगळे क्वार्कचे आहेत. क्वार्क म्हणजे काय, हे तेव्हा मलाही धड माहीत नव्हतं. एम.एस्सी.ला तो धडा मी ऑप्शनला टाकला होता.

*

मी तेव्हा जळगावच्या एका मुलींच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. टेम्पररी. जूनमध्ये ऑर्डर, एप्रिलमध्ये नमस्कार, अशी दोन वर्षं झाली होती. घरी दीड वर्षाची मुक्ता, आणि तिला सांभाळायला असोद्याहून आलेल्या सासूबाई, म्हणजे आक्का. रोज निघताना मुक्ता माझ्या साडीचं टोक धरायची आणि मी तिथेच दारात ठरवायचे की नोकरी सोडायची. कॉलेजच्या गेटपर्यंत परत ठरवायचे की नाही सोडायची. हे अंतर सायकलरिक्षानं बारा मिनिटांचं होतं.

त्या वर्षी एक जागा कायम होणार होती. उमेदवार दोन. एक मी, दुसरे आमच्याच संस्थेच्या धुळ्याच्या शाखेतले वाघ सर. वाघ सर उंच, आवाज मागच्या बाकापर्यंत पोचणारा. दोघांनी संस्थेसमोर एकेक व्याख्यान द्यायचं आणि मग चेअरमन ठरवणार. वाघ सर लेसरवर बोलणार होते, आणि त्यांच्याकडे खरा लेसर होता.

मला विषय निवडायचा त्रास दिला गेला नाही. चेअरमन केळीचे मोठे बागायतदार. सगळे त्यांना नुसतं 'भाऊ' म्हणायचे. शिक्षण सातवी, पण पेपर पहिल्या ओळीपासून मुद्रकाच्या नावापर्यंत वाचणार. त्या दिवसांत पेपरात आलं होतं की अमेरिकेत सहावा क्वार्क सापडला.

प्राचार्यांनी मला बोलावून निरोप दिला. "भाऊ म्हणाले, तो सहावा सापडला म्हणे. मॅडमना त्याच्यावर बोलू द्या. सगळ्यांना कळेल असं."

"आणि नाही कळलं तर, सर?"

प्राचार्य सज्जन माणूस. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तर वाघ सर आहेतच."

*

'सगळ्यांना कळेल' याची पहिली चाचणी मी आक्कांवर घेतली. त्या भाजलेली वांगी सोलत होत्या. मुक्ता त्यांच्या मांडीला रेलून वांग्याचं देठ चघळत होती.

मी म्हटलं, "आक्का, आपण सगळे अणूंचे बनलेले. अणूच्या पोटात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. त्यांच्याही पोटात तीन-तीन क्वार्क. प्रोटॉनमध्ये दोन वरचे आणि एक खालचा. न्यूट्रॉनमध्ये दोन खालचे आणि एक वरचा."

"म्हंजे मान्सं तीच. घर बदललं, की बदलते."

मी दोन रात्री ज्यावर घालवल्या होत्या ते त्यांनी एका वांग्यात उरकलं.

"पण वरचा म्हंजे कुठी बसते तो? वर?"

"नाही, वर-खाली नसतातच ते. नुसती नावं आहेत. नाव काहीतरी ठेवायला हवं ना."

"बरं. पुढे."

"तिसरा स्ट्रेंज. म्हणजे विचित्र."

आक्कांचे हात थांबले. "लेकराचं नाव विचित्र? आत्या नव्हती का त्याहिले बारशाले?"

मग मी समजावून सांगितलं. हा क्वार्क ज्या कणांमध्ये असतो ते कण जितक्या लवकर मरायला हवे होते तितक्या लवकर मरत नव्हते. गणितापेक्षा फार जास्त टिकत होते. शास्त्रज्ञांना ते विचित्र वाटलं, म्हणून नाव विचित्र.

मी भाजी निवडते तेव्हा आक्का ज्या नजरेनं बघतात, त्याच नजरेनं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुमचं उलटं झालं, सुनंदा. तो जगला म्हनून नाव वंगाळ ठेवलं, असं नई ते. नाव वंगाळ ठेवलं, म्हनून तो जगला."

"म्हणजे?"

"ज्या बाईची लेकरं राहत नई, ती पुढच्याचं नाव चांगलं ठेवते का? दगडू ठेवते, धोंडू ठेवते. मरनाले वाटलं पाहिजे, हे काय न्यायचं. माह्या भावाचं नाव कचरू. ऐंशीचा झाला, अजून सायकल चालवते."

मी वहीत लिहून घेतलं. आमच्या सरांनी हे सांगितलं असतं तर तो धडा ऑप्शनला गेला नसता.

*

व्याख्यान मराठीत असल्यामुळे मराठीचे सरोदे सर स्वतःहून मदतीला आले. सरोदे सरांची मदत नाकारता येत नाही. ती सुरू झालेली असते. स्टाफरूममध्ये त्यांनी माझा कागद ओढून घेतला आणि लाल पेन काढलं.

"क्वार्क म्हणजे काय?"

"काही नाही, सर. शोधणाऱ्याला तो आवाज आवडला होता. मग एका अवघड कादंबरीत तसाच शब्द सापडला. त्याचा अर्थ त्या कादंबरीतही नक्की नाही म्हणतात."

"म्हणजे वाङ्मयाचा माणूस," सर जरा निवळले. "पुढे. अप वरचा, डाउन खालचा, स्ट्रेंज विचित्र. चार्म?"

"मोहक म्हणू या का?"

"मोहिनी. आणि हे शेवटचे दोन? बॉटम आणि टॉप? वरचा-खालचा तर आधीच झाला."

"हे तळाचा आणि माथ्याचा, सर. आधी काही लोक त्यांना ब्यूटी आणि ट्रुथ म्हणत. पण ती नावं मागे पडली."

सरोदे सरांनी पेन खाली ठेवलं. "सौंदर्य आणि सत्य अशी नावं हातात असताना तळ आणि माथा ठेवलं?"

"हो."

"कुणी?"

"शास्त्रज्ञांनी, सर. सगळ्यांनी मिळून. हळूहळू."

"पत्ता आहे का त्यांचा?"

सरांनी खरोखर निषेधाचं पत्र लिहिलं. फुलस्केपची चार पानं, मराठीत. पोस्टात टाकायला ते शिपायाकडे दिलं, तेव्हा पाकिटावर फक्त 'भौतिकशास्त्र विभाग, अमेरिका' होतं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि सर म्हणतात की याचा अर्थ त्यांना मुद्दा पटला आहे.

*

मुलींवर एक तालीम घेतली. अकरावीचा वर्ग, साठ मुली. म्हटलं, आपण मुलींचाच प्रोटॉन करू. फळ्यावर सहा नावं लिहिली आणि सांगितलं, जिला जे व्हायचं ते व्हा.

सगळ्या चार्म झाल्या.

स्ट्रेंज व्हायला कुणी नाही, बॉटम व्हायला तर नाहीच. मॉनिटर म्हणाली, "मॅडम, मी अप होईन, पण माझ्याबरोबर चार्मच पाहिजे." फळ्याजवळ पंचवीस-तीस चार्म दाटीवाटीनं उभ्या, आणि प्रोटॉन एकही नाही. विश्वाची सुरुवात माझ्या वर्गात झाली असती, तर तिथेच थांबली असती.

मी फळ्यावर हिशोब मांडला. अपवर अधिक दोन तृतीयांश विद्युतभार, डाउनवर उणे एक तृतीयांश. दोन अप आणि एक डाउन मिळून बरोबर एक. दोन अप कशाबशा मिळाल्या. डाउन कोण?

मागून पारोळ्याहून एस.टी.नं येणारी एक अबोल मुलगी उठली. "मी होते, मॅडम. कुणीतरी उणे झाल्याशिवाय एक येत नाही."

बाकीच्या चार्म खाली मान घालून जागेवर गेल्या. मी डस्टर शोधायला लागले. डस्टर हातातच होतं.

*

मॉडेलचं काम लॅबच्या नानांकडे होतं. नाना धुळ्याकडचे, निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. त्यांच्या हाताखालून गेलेलं उपकरण चालतंच; त्या ड्रॉवरमधले उरलेले स्क्रू त्यांचेच.

मी त्यांना म्हटलं, "नाना, तीन लाकडी गोळे पाहिजेत. सायकलच्या ट्यूबनं एकमेकांना बांधलेले. एक लाल, एक हिरवा, एक निळा."

नाना माणूस जिज्ञासू. त्यांनी विचारलं, लाल का? मी कळेल तेवढं कळू दे म्हणून सगळं सांगितलं. क्वार्कला रंग असतो असं म्हणतात, पण हा रंग डोळ्यांना दिसणारा रंग नाही. त्यांच्यातल्या एका गुणाला दिलेलं ते नुसतं नाव आहे. तीन वेगळ्या रंगांचे क्वार्क एकत्र आले, की बाहेरून बेरीज पांढरी. आणि एकटा रंगीत क्वार्क जगात कुणाला कधी सापडत नाही. ओढून काढायला गेलं, तर ताणता ताणता मधला बंध तुटतो आणि तिथेच नवी जोडी तयार होते. एकटा काही हाती लागत नाही.

नाना सगळं ऐकून मान हलवत गेले.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी त्यांनी मॉडेल आणून टेबलावर ठेवलं. गोळे गुळगुळीत, ट्यूब घट्ट, गाठी सुंदर. तिन्ही गोळे पांढरे.

"नाना, लाल-हिरवा-निळा सांगितला होता ना."

"तुम्हीच सांगं ना, मॅडम, तो रंग म्हंजे रंग नही शे."

"हो, पण दाखवायला तरी..."

"अन् तिन्ही मिळीसन पांढराच व्हस ना? मंग मी पहिलेच पांढरा करी टाका."

मी गोळे तसेच खोक्यात भरले.

*

व्याख्यानाच्या सकाळी मुक्ताचं अंग गरम लागलं. आक्का म्हणाल्या, काही नाही, दात येतोय. पण मी फिजिक्सची बाई. थर्मामीटर लावला. तिचा हात हलला म्हणून परत लावला. दोन आकडे वेगळे आले म्हणून तिसऱ्यांदा लावला, आणि सरासरी काढली. व्याख्यान रद्द करायचं असं मनाशी ठरवूनच दवाखान्यात गेले. खरं सांगायचं तर मला थोडं हायसं वाटलं होतं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःची लाजही वाटत होती.

डॉक्टरांनी विचारलं, "ताप किती?"

"नव्व्याण्णव पॉइंट चार. अधिक-उणे पॉइंट एक."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "मॅडम, मला पोरगी दाखवायला आणलीय का जर्नल तपासायला?"

मग त्यांनी मुक्ताच्या तोंडात बोट घातलं, आणि झटकन बाहेर काढलं. बोटावर चावल्याची खूण होती.

"दात," डॉक्टर म्हणाले. "एरर अजिबात नाही."

आक्कांनी दवाखान्याच्या पायरीवरच मुक्ताला माझ्या कडेवरून घेतलं. "जाय आता. अन् पदर सोडव तिच्या हातातला, नई तं तो फाटीन."

*

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत मधोमध भाऊ, पांढरी टोपी, काठी दोन गुडघ्यांमध्ये. एका बाजूला आमचे प्राचार्य, दुसऱ्या बाजूला धुळ्याचे प्राचार्य. वाघ सरांचा लेसर सकाळीच होऊन गेला होता. त्यांनी स्टेजवरून मागच्या भिंतीवरच्या घड्याळावर लाल ठिपका पाडला होता, आणि टाळ्या पडल्या होत्या. माझ्याकडे तीन पांढरे गोळे.

पण काय झालं कोण जाणे, मला सूर सापडला. प्रोटॉन झाला, न्यूट्रॉन झाला. 'मान्सं तीच, घर बदललं' हे मी आक्कांचं नाव घेऊन सांगितलं, आणि भाऊ मान डोलवताना दिसले. पांढऱ्या गोळ्यांचं कारण सांगितलं, तर नाना दारात ताठ उभे राहिले. मुली कान देऊन ऐकत होत्या.

मग आला स्ट्रेंज.

मी म्हटलं, "हे कण अपेक्षेपेक्षा जास्त जगतात, म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांना विचित्र म्हटलं. आपल्याकडे हे शास्त्र उलट्या बाजूनं माहीत आहे. ज्याने जगावं असं वाटतं, त्याचं नाव आपण मुद्दाम वाईट ठेवतो. दगडू, धोंडू, कचरू."

मुली हसल्या. समोरचे हसले, की माणूस वाहवतो. आदल्या आठवड्यात मी आक्कांकडून यादी वाढवून घेतली होती.

"आणि आपल्या खानदेशात तर उखर्डू. जन्मल्याबरोबर पोर उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीनं उचलायचं, आणि आईनं मूठभर ज्वारी देऊन ते परत विकत घ्यायचं. म्हणजे मरणानं समजावं, हा कचऱ्यातला माल आहे. अहो, ज्याचं नाव उखर्डू, त्याच्याकडे यम कशाला बघेल?"

मुली खळखळून हसल्या. पहिली रांग हसली नाही. आमचे प्राचार्य स्वतःच्या बुटांकडे बघत होते. सरोदे सरांनी रुमालानं तोंड झाकलं होतं. धुळ्याचे प्राचार्य माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होते, की मला मुक्ताची आठवण झाली. भाऊंचा चेहरा मात्र काठीवर टेकलेला, काही कळेना.

उरलेले तीन क्वार्क मी चार मिनिटांत संपवले. ज्याच्यासाठी एवढं सगळं चाललं होतं, तो सहावा, जवळजवळ सोन्याच्या अख्ख्या अणूएवढा जड आणि कुणाशी जोडी जमायच्या आत नाहीसा होणारा, त्याच्या वाट्याला दोन वाक्यं आली. टाळ्या पडल्या; मोजून पडल्या.

नाना गोळे उचलायला आले. मी हळूच विचारलं, "नाना, काय झालं? पहिली रांग हसली का नाही?"

"मॅडम, भाऊनं नाव काय शे, तुम्हले माहीत शे का?"

"भाऊ."

"ते तं बठ्ठा लोके म्हंतस. नाव?"

"बोर्डावर आहे की. यू. टी..."

आणि मी तिथेच थांबले. त्या 'यू'चं काय होतं, हे दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी भाऊंचं बोलावणं आलं. जाताना मी टेबलाचा खण रिकामा केला. मुक्ताचा फोटो, दोन खडू, डबा. उगाच नंतर परत यायला नको.

भाऊ एकटेच बसले होते. मी उभ्या उभ्याच सुरू केलं, "भाऊ, मला खरंच माहीत नव्हतं. मी..."

"बसा. माहीत असतं तं सांगितलं नसतं ना तुम्ही?"

"नाही."

"मंग बरं झालं माहीत नव्हतं." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "माह्या आधी चार गेले. पाचवा मी. ज्वारीचं खरं आहे. शेजारीन मरेस्तोर मले म्हनायची, मूठ नई, पसाभर मागायले पाहिजे व्हती." ते थोडे हसले. "मले एक सांगा. ते तुमचे कन, ते किती जगतात?"

"एका सेकंदाचे हजार कोटी भाग केले, तर त्यातला साधारण एक भाग."

"बस? एवढंच?"

"हो, भाऊ. पण गणितानं त्यांनी त्याच्याही कितीतरी कमी जगायला हवं होतं. ते त्याच्या दहा लाख कोटी पट जगतात."

बाहेर मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, मुलींचा गलका आला आणि गेला.

"म्हंजे किती जगले ते पाहायचं नई," ते म्हणाले. "किती जगतीन असं लोकं म्हनत व्हते, ते पाहायचं."

"बरोबर."

"जा तुम्ही. तास असंन तुमचा."

जागेबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. आठ दिवस मी घरात काही धड खाल्लं नाही. आक्का म्हणाल्या, आता तुहा ताप पाहा, अन् तीनदा पाहू नको.

नवव्या दिवशी ऑफिसातल्या बोरोले क्लार्कनं मला खिडकीशी हाक मारली. हातात नेमणुकीचा छापील फॉर्म होता. नाव माझं. पद बरोबर. विषय बरोबर. खाली चेअरमनची लफ्फेदार सही. या वेळी इनिशियल नव्हतं. पूर्ण नाव होतं, उखर्डू तोताराम चौधरी.

बोरोले मात्र सहीकडे बघत नव्हते. त्यांचं बोट मधल्या एका रकान्यावर होतं. 'नेमणुकीचा कालावधी'. दर वर्षी तिथे टाइप केलेल्या दोन तारखा असायच्या. या वेळी तिथे भाऊंच्या हातचं, हिरव्या शाईतलं, सातवी शिकलेलं गोल अक्षर होतं.

'अपेक्षेपेक्षा जास्त.'

"मॅडम," बोरोले म्हणाले, "मला फक्त एवढं सांगा, मस्टरला शेवटची तारीख काय टाकू?"